बाहेरचा ठोका

आमच्या घरातला डबा वेळेआधी ओरडतो, हे सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं; आणि सगळ्यात शेवटी माझ्या, कारण डबा मी बनवला होता.

डबा म्हणजे तसा साधाच. पूर्वी त्यात सुया-दोरे असायचे. मी त्याला एक हिरवा दिवा बसवला, एक बझर बसवला आणि आत एक मायक्रोकंट्रोलर. हे नाव उच्चारलं की समोरचा माणूस आदराने गप्प बसतो, असा माझा अनुभव आहे. प्रत्यक्षात तो पाठीवर पडलेल्या काळ्या झुरळासारखा दिसणारा एक तुकडा असतो. त्याला पाय असतात, आणि प्रत्येक पायाला काहीतरी म्हणायचं असतं. आईची रक्तदाबाची गोळी सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. त्या वेळी डब्याने दिवा लावायचा, ओरडायचं, आणि आईने बटण दाबून त्याला गप्प करायचं. एवढंच.

"बाजारात गजराचं घड्याळ मिळतं," बायको म्हणाली होती.

मी मिक्सर आणि पंखे बनवणाऱ्या कंपनीत माहितीपत्रकं लिहितो. "उपकरण वापरण्यापूर्वी हे पत्रक संपूर्ण वाचावे" हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की ते माझ्या आडनावासारखं मला चिकटलंय. अशा माणसाने गजराचं घड्याळ विकत आणायचं?

तर डबा ओरडू लागला. दणकून ओरडू लागला. जिन्यातून तो तळमजल्यापर्यंत ऐकू जायचा, आणि इथेच गोष्टीला पाय फुटले. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी सकाळी सातला पाण्याचा पंप सुरू करतात. त्यांनी मनगटाकडे बघणं सोडून दिलं. डबा ओरडला की पंप. पंप सुरू झाला की आंघोळी. आंघोळी झाल्या की डबे, दप्तरं, जिन्यावरची धावपळ. पंधरा दिवसांत अख्खी इमारत माझ्या झुरळाच्या तालावर नाचू लागली, आणि मी जिना उतरताना जरा छाती काढून उतरू लागलो.

आईचं मात्र वेगळंच चाललं होतं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तेव्हा लोक फोन करून वेळ विचारायचे आणि आई सांगायची. सगळ्या गावाला वेळ सांगून ती घरी यायची तेव्हा आमची जेवणं आटोपलेली असायची. आता गोळी घेतली की नाही हे तिला आठवत नाही, पण सवय काही गेलेली नाही. खिडकीशी बसून ती मधूनच काहीबाही जुळवते आणि पुटपुटते. त्या आठवड्यात तिने हे जुळवलं:

*डबा माझा उतावळा, वेळेआधी साद घाली,*
*घड्याळ म्हणे थांब बाळा, वेळ अजून नाही आली.*

"आई, डबा बरोबर आहे," मी म्हणालो.

"असेल बाबा. मग सूर्यच आळशी झाला असेल."

मी हसण्यावारी नेलं. पण तळमजल्यावरचे ओव्हरसियर काका हसण्यावारी नेणारे नव्हेत. उभी नोकरी पूल बांधण्यात गेली, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू त्यांना थोडी खचलेलीच दिसते. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "हल्ली बस उशिरा येते. दूधवाला उशिरा येतो. पेपर उशिरा. बसवाल्यांकडे मी लेखी तक्रार दिलीय. शिस्तच राहिली नाही कुणाला!"

घरी येऊन मी गुपचूप डबा रेडिओशी पडताळला. डबा चांगला अर्धा तास पुढे होता. रोज दोनेक मिनिटं, रोज दोनेक मिनिटं, असा तो चोरपावलांनी पुढे सरकला होता, आणि इमारत त्याचं बोट धरून सोबत गेली होती. सगळेच पुढे गेले, म्हणून कुणालाच कळलं नाही. बाहेरचं जग तेवढं मागे पडलं होतं, आणि त्याच्यावर लेखी तक्रार गेली होती.

हे सगळं हसण्यासारखंच राहिलं असतं. पण त्याच संध्याकाळी, मी तो मागे लावायच्या आतच, डबा ओरडला आणि आईने गोळी घेतली. मग अर्ध्या तासाने रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या, आणि ज्या बाईने आयुष्यभर वेळेचा शब्द पाळला, तिने तो याही वेळी पाळला. दुसरी गोळी घेतली. जिना उतरताना तिला भोवळ आली आणि ती पायरीवर बसली. पडली नाही, बसली. "मी बसले होते, पडले नव्हते," हे ती अजून ठासून सांगते. डॉक्टरांनी तपासून घाबरण्याचं कारण नाही म्हटलं. ताई मात्र फोनवर तसं म्हणाली नाही.

"बाबू, रविवारी येते मी आणि आईला घेऊन जाते. इथे माझ्या डोळ्यांसमोर राहील."

"अगं ताई, डब्यात जरा फरक पडला होता, तो मी..."

"आईचं औषध म्हणजे तुझी प्रयोगशाळा आहे का रे?"

ताईचं घर मोठं आहे, माणसं चांगली आहेत. पण तिथे आईची खिडकी नाही. फोन ठेवल्यावर आई एवढंच म्हणाली, "तिची खोली चांगली आहे. पण तिथून रस्ता दिसत नाही, भिंत दिसते." आणि तिने खिडकीचा गज हाताने पुसला, उगाच, जसं निघताना मुलाचं तोंड पुसावं.

आता हातात रविवारपर्यंतचाच वेळ होता, आणि माझ्यापुढे प्रश्न एकच: हे झुरळ वेळ मोजतं तरी कशावर?

हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता, हे बायकोने सांगितलं. पण पडला तेव्हा मात्र मी त्यात बुडालो. चिपच्या, म्हणजे माझ्या झुरळाच्या, पोटात तिचा स्वतःचा एक ठोका असतो. ती त्याच्यावर एक-दोन मोजत बसते. पण तो ठोका म्हणजे गाणाऱ्याने स्वतःच धरलेला ताल: ऊब लागली की पळतो, गारठा आला की रेंगाळतो. आणि मी डबा ठेवला होता शेगडीशेजारी. तिला खरा ठोका बाहेरून द्यावा लागतो. तो देतो एक स्फटिक. गारगोटीचा चिमुकला काप, पत्र्याच्या टोपणात बंद केलेला. त्याला विजेचा स्पर्श झाला की तो थरथरतो, आणि एका सेकंदात इतक्या कोटी वेळा थरथरतो की मोजणाऱ्याला घेरी यावी, पण त्याची लय चुकत नाही. दगड तो! ज्याला आपण निर्जीव म्हणून पायाखाली तुडवतो, तो आतून इतका शहाणा कापत असतो, हे वाचून मी दुपारभर फरशीकडे जरा अदबीने पाहत होतो.

स्फटिक मागवला. दुकानवाले लगेच पाठवतो म्हणाले, आणि पाठवलाही. पण तो पार्सल कचेरीत अडकला. पाकिटावर स्फटिक लिहिलेलं होतं, म्हणून तो मौल्यवान खड्यांच्या खिडकीवर गेला होता. ती खिडकी अधिकाऱ्यासमोरच उघडते, आणि अधिकारी चहाला गेले होते. ते आले तोवर माझ्यामागे रांग झाली होती.

"किती कॅरेट?" कारकुनाने विचारलं.

"कॅरेट नाही हो. तो घड्याळासाठी आहे."

"म्हणजे जडवायचा?"

"जडवायचाच म्हणा. पण हे दागिन्याचं काम नाही. तो थरथरतो."

कारकुनाने पाकीट पटकन टेबलावर ठेवलं. "कशाने?"

"विजेने."

"आत्ता थरथरतोय?"

अधिकाऱ्यांनी चष्मा बदलला आणि पाकीट कापलं. कापसातून शेंगदाण्याएवढं पत्र्याचं टोपण निघालं, दोन पायांचं. रांगेतली माणसं खिडकीवर वाकली. मग मला सगळं सांगावं लागलं: आई, गोळी, डबा, पंप, बस. कुणी कंटाळलं नाही. एक बाई म्हणाल्या, "मग आपल्या हातातल्या घड्याळातही हेच का हो?" हो म्हटल्यावर रांगेतल्या सगळ्यांनी आपापली मनगटं कानाला लावली. अधिकाऱ्यांनीही लावलं. मग अधिकारी म्हणाले, "याची किंमत चहाइतकीही नाही. न्या," आणि मला वाटलं, आपल्या स्फटिकाचा अपमान झाला.

घरी आलो तर सल्लागार मंडळ तयार होतं. स्फटिक चिपच्या दोन पायांना जोडायचा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन बारके कपॅसिटर लावायचे, लहान पोराला दोन्हीकडून बोटं धरून चालवतात तसे. हे मी सांगत असतानाच ओव्हरसियर काकांनी स्फटिक हातात घेतला.

"चिप तापते म्हणालास ना? मग हा खडा तिच्या पोटाशी का ठेवतोस? लांब ने. खिडकीत लाव. हवा खेळती राहील."

"काका, जवळ लावतात असं..."

"मी नदीवर पूल बांधलेत."

पुलापुढे माणूस काय बोलणार? मी लांब वायरी लावून स्फटिक खिडकीत टांगला. आईने त्याच्यावर रुमालाची सावली धरली. सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, लवकर आटपा. डबा बंद आहे तर लोक मला पंपाची वेळ विचारतायत. मी काय सांगू? माझं घड्याळ मी मुलीला देऊन टाकलं!"

आता चिपला सांगायचं होतं की बाई गं, आतला ठोका सोड, बाहेरचा धर. त्यासाठी तिच्या आत काही खुणा बदलाव्या लागतात. संगणकावर यादी उघडली. पहिलाच पर्याय दिसला: बाहेरचं घड्याळ. मला आणखी काय हवं होतं? मी त्यावर टिचकी मारली.

चिप गप्प झाली.

गप्प म्हणजे अशी की दिवा नाही, आवाज नाही, संगणकाने हाक मारली तर ओ नाही. परत सांगितलं, तेही ऐकेना. संगणक म्हणाला, समोर कुणीच नाही.

"वायरी लांब झाल्या," मी म्हणालो.

"वायरी आखूड पडल्या," काका म्हणाले.

मी वायरी कापल्या, स्फटिक चिपच्या अगदी पायाशी आणून बसवला. गप्प. कपॅसिटर बदलले. गप्प. सोल्डरचा चटका माझ्या बोटाला बसला, चिपला काही वाटलं नाही. सेक्रेटरींनी दाराबाहेर चपलेने ठेका धरला, तो थांबवा म्हटलं तर रागावून गेले. "गेली बिचारी," काकांनी निर्णय दिला आणि पूल खचल्यावर काढावा तसा चेहरा काढून तेही गेले.

मी भिंतीला टेकून बसलो. आईने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, आणि आत जाऊन आपल्या दोन साड्या घडी करून पलंगावर ठेवल्या. प्रवासाला नेतात त्या.

बायको माझ्याशेजारी बसली. "अहो, एक विचारू? चिडणार नाही ना?"

"विचार."

"तुम्ही चिपचं माहितीपत्रक वाचलंत का?"

मी चिडलो. खूप चिडलो. मग उठलो आणि वाचायला बसलो. वापरण्यापूर्वी संपूर्ण. असं पत्रक कुणीतरी माझ्यासारख्यानेच लिहिलेलं असतं, कुणी वाचेल या आशेवर, आणि ते वाचताना मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार माया वाटली. त्याने अगदी स्पष्ट लिहिलं होतं. बाहेरचं घड्याळ म्हणजे स्फटिक नव्हे. स्फटिकाला चिप स्वतः हलवते. त्याचा पर्याय यादीत वेगळा, अगदी तळाशी. बाहेरचं घड्याळ म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तयार ठोके आणून चिपच्या पायाशी द्यायचे. मी तिला सांगून बसलो होतो की तू काही करू नकोस, ठोके येतील. आणि ती आज्ञाधारकपणे वाट बघत होती.

ती गेलेली नव्हती. थांबलेली होती. ठोका मिळाला की ती ऐकणार, बोलणार, चूक दुरुस्त करून घेणार. आणि ठोका कसलाही चालतो. कोट्यवधी नकोत. सावकाश असला तरी ती सावकाश ऐकते.

"म्हणजे ती बाहेर फोन लावून विचारतेय, किती वाजले," आई मागून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. "आणि पलीकडे कुणी उचलतच नाहीये."

"हो आई. अगदी तसंच."

"मग उचला की कुणीतरी! किती वेळ ताटकळत ठेवायचं माणसाला?"

कसलाही ठोका. घरात कसला ठोका आहे? मी शिलाई मशीनकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. बायको म्हणाली, "माळ्यावर पोरीचा पियानो आहे." पोर आता वसतिगृहात आहे, पण तिचा खेळण्यातला पियानो आम्ही टाकलेला नाही. बॅटरीवर चालतो, आणि त्याच्या आत जो बझर आहे त्याच्याकडे जाणारी वायर म्हणजे ठोकेच ठोके. जितका वरचा सूर, तितके दाट.

माळा उपसला. चेहऱ्यावर जाळी, नाकात धूळ. पियानो उघडून बझरची वायर काढली आणि चिपच्या त्या एका पायाला लावली. संगणकाला सांगितलं, फार हळू बोल, पलीकडचं माणूस हळू ऐकतं. "आता शेवटची पट्टी दाब आणि सोडू नकोस," मी बायकोला म्हणालो.

तिने दाबली. काय तो सूर! सुईने काच खरवडावी तसा. संगणकाने हाक मारली आणि, मी खोटं सांगत नाही, चिपने ओ दिली. आपलं नाव सांगितलं. तेवढ्यात फोन वाजला आणि बायकोने सवयीने हात उचलला.

समोर कुणीच नाही, संगणक म्हणाला.

पुन्हा दाबली. या वेळी तिला शिंक आली. माळ्याची धूळ. तिसऱ्यांदा मी स्वतः दाबली, तर दुसऱ्या हाताने संगणक चालवताना माझंच बोट सरकलं.

"बाजूला व्हा दोघं," आई म्हणाली. तिने खुर्ची ओढली, पदर खोचला, चष्मा वर सरकवला. "लाइन धरून ठेवायचं काम मी उभं आयुष्य केलंय." आणि तिने आपलं बोट त्या पिवळट पट्टीवर ठेवलं.

ठेवलं ते ठेवलं. सूर निघाला तो हलेना. मी यादी उघडली. तळापर्यंत गेलो. पर्याय संपूर्ण वाचला. पुन्हा वाचला. दार धडाधड वाजलं. सेक्रेटरी आत आले, कानावर हात. "अहो, काय हे, वरच्या मजल्यावरची मुलं..."

"थांबा," आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली. इतक्या वर्षांनी तो आवाज मी ऐकला: नितळ, सपाट, गोड. "लाइन चालू आहे."

सेक्रेटरी थांबले. त्यांनी चपलासुद्धा हळूच काढल्या. आईचं बोट थरथरत होतं, वयाने थरथरतं तसं, पण पट्टीवरून उठलं नाही. मी टिचकी मारली. संगणकाने खुणा लिहिल्या, तपासल्या, आणि म्हणाला: झालं.

"सोड आई."

तिने बोट उचललं. खोलीत शांतता पसरली, आणि त्या शांततेत स्फटिकाने आपलं काम सुरू केलं. ते ऐकू येत नाही. पण चिपला मी नवा हिशोब शिकवला तेव्हा ती पियानोशिवाय बोलली, आणि हिरवा दिवा लुकलुकला. आई दिव्याकडे बघत पुटपुटली:

*इवला इवला खडा, अंगी कापरं भरलं,*
*त्याच्या थरथरीवर माझं घर सावरलं.*

पलंगावरच्या साड्या मात्र तिने उचलल्या नाहीत. ताई यायची होती.

रविवारी ताई संध्याकाळी आली. आल्या आल्या तिने आईची बॅग काढली आणि साड्या आत ठेवायला लागली. मी स्फटिकाबद्दल बोलायला सुरुवात केली, तर म्हणाली, "बाबू, मला झुरळाचं काही सांगू नकोस." तिने मोबाईल डब्यासमोर ठेवला आणि समोर बसली, परीक्षेला बसतात तशी. ओव्हरसियर काका दारात, सेक्रेटरी काकांच्या मागे. कुणालाही बोलावलं नव्हतं.

मोबाईलवर आकडा बदलला आणि त्याच क्षणी डबा ओरडला.

काका काहीतरी बोलणार होते. पण आई आधीच उठली होती. तिने बटण दाबलं, डबा गप्प झाला, आणि तिने गोळी तळहातावर घेतली. मग चिपला फोनवर वेळ विचारणारं माणूस समजूनच की काय, त्याच जुन्या आवाजात ती डब्याला म्हणाली, "आत्ता बरोबर सात वाजले आहेत."

ताईचा हात मोबाईलवरच राहिला.

लहानपणी आई संध्याकाळच्या पाळीला असायची तेव्हा ताई कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन फोन लावायची आणि वेळ विचारायची. आमच्या घरात घड्याळ होतं. चांगलं चालत होतं. पलीकडून आई प्रत्येकाला सांगावी तशी तिलाही वेळ सांगायची, कारण कामावर ओळख दाखवायची नसते. आणि मग लाइन कापायच्या आधी जरा थांबायची. त्या थांबण्यासाठी ताई जायची.

"पाण्याशिवाय गोळी घेऊ नकोस," ताई म्हणाली, आणि पाणी आणायला उठली ती बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिली. बाहेर आली तेव्हा तिने बॅग उघडली, साड्या काढल्या आणि कपाटात ठेवल्या. "रस्त्याकडे तोंड करून बसतेस ना? मग ही खिडकी नीट लागत नाही, ती दुरुस्त करून घे, बाबू. वारा येतो." एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी डब्याच्या पाठोपाठ आमचा फोन वाजतो. आई उचलते. पलीकडून विचारणा होते, आणि आई वेळ सांगते. मग दोघी जरा थांबतात.

ओव्हरसियर काकांनी बसवाल्यांना दुसरं पत्र लिहिलं, सेवेत सुधारणा झाल्याबद्दल अभिनंदनाचं.